रोपिलेल्या ऊतकाचा रक्तपुरवठा : एका प्रश्नाचा आढावा

एका माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या उदरात नेऊन बसविले आणि ते तेथे वर्षानुवर्षे चालले, या वार्तेचे आता कोणास फारसे नवल वाटत नाही. परंतु ज्या एका गोष्टीवर हे सारे अवलंबून असते, ती रोपिलेल्या भागातील प्रत्येक पेशीपर्यंत रक्त पोहोचण्याची गोष्ट मात्र वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कधी येत नाही, आणि शस्त्रवैद्यांच्या चर्चेतही ती प्रतिकारशक्तीच्या प्रश्नामागे दीर्घकाळ झाकून राहिली. परक्याचे ऊतक शरीर का नाकारते, या प्रश्नाचा गेल्या शतकाने मोठ्या हिरिरीने पाठपुरावा केला व तो पुष्कळ अंशी सोडविलाही. पण स्वतःच्याच शरीरातील ऊतक एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावले असता, जेथे परकेपणाचा काही संबंधच येत नाही, तेथेही ते अर्धेअधिक मरून का जाते, याचे उत्तर त्या संशोधनात मिळत नाही. ते ऊतक उपाशी मरते. ही उपासमार कशी घडते, ती टाळण्यासाठी आजवर कोणत्या तजविजी झाल्या आणि त्यांतील कोणत्या कसाला उतरल्या, याचा परामर्श घेण्याचा हा प्रयत्न आहे.

या उपासमारीची मर्यादा अगदी मोजून सांगता येते. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग, ज्यांना केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी स्नायूंतील केशवाहिन्यांची मोजदाद करून आणि तिला गणिताची जोड देऊन असे दाखविले, की केशवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू भोवतालच्या पेशींच्या दाटीतून पाझरत जातो खरा, पण वाटेतल्या प्रत्येक पेशीने आपला हिस्सा उचलल्यामुळे तो फार दूर जाऊ शकत नाही. ही हद्द साधारणतः १०० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढी धरतात. तिच्या बाहेर जी पेशी राहिली ती गुदमरली. उलट, यजमान शरीराच्या वाहिन्यांना नवे कोंब फुटतात त्यांची वाढ फार संथ असते. दिवसाकाठी मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशापलीकडे ती सहसा जात नाही. आता दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा लावला, तर त्याच्या मध्यापर्यंत रक्त पोहोचण्यास आठवडा-दहा दिवस लागणार, आणि मध्यावरच्या पेशींना तर काही तासांचीच मुदत असणार, हे साधे त्रैराशिक आहे. प्रतिरोपणाच्या इतिहासातील कितीतरी यशापयशे या एका त्रैराशिकात बसतात.

हे त्रैराशिक मांडले जाण्यापूर्वी कितीतरी शतके त्याचे व्यावहारिक उत्तर आपल्या देशात ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत तुटलेल्या नाकाच्या मापाचे पान घेऊन, त्या मापाने गालाची त्वचा सोडवून, पण ती गालाशी जोडलेली ठेवूनच नाकावर बसविण्याची क्रिया सांगितली आहे. पुढे हीच विद्या कपाळाच्या त्वचेवर आली, आणि तिचा सर्वांत तपशीलवार दाखला पुण्याचा आहे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या चाकरीत असता १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाने राहिला; पुढे पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया स्वतः पाहिल्याची नोंद त्या पत्रात आहे.

त्या कारागिराची कृती मुद्दाम बारकाईने पाहण्याजोगी आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याने आधी नाकाचा आकार साधला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी त्वचा सोडविली. परंतु दोन डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी त्याने कापली नाही. ती पट्टी पिळून त्वचा खाली वळविली, खुंटाच्या कडा ताज्या करून तीत बसविली आणि पाण्यात कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर फासून, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का केला. चार दिवस काही हलविले नाही. नंतर तुपात भिजविलेली फडकी ठेवली. डोळ्यांमधली ती पट्टी कापली सुमारे पंचविसाव्या दिवशी. नव्या-जुन्या भागांचे मीलन होईपर्यंत रक्ताभिसरण चालू ठेवणे हा त्या पट्टीचा हेतू असल्याचे पत्रलेखकाने स्पष्ट म्हटले आहे. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी केली व १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त छापला. तेव्हापासून युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली. मला या प्रकरणातील पंचवीस दिवसांचे महत्त्व फार वाटते. जुना रक्तमार्ग तोडण्यापूर्वी नवा मार्ग तयार होऊ द्यावा, आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ निमूटपणे द्यावा, हे पथ्य त्या अनाम कारागिराने पाळले. पुढील दोन शतकांत ज्यांनी ते मोडले त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, की रुग्णांना मोजावी लागली, हे पुढे दिसेलच.

पट्टी न ठेवता त्वचा पूर्णपणे अलग करून लावण्याचे धाडस एकोणिसाव्या शतकाने केले. पॅरिसमध्ये जाक-लुई रेव्हर्दँ यांनी १८६९ मध्ये चिमटीएवढे त्वचेचे कण भरू पाहणाऱ्या जखमेवर रोवले आणि ते धरले. कार्ल थिअर्श यांनी १८७४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, की रोपिलेल्या त्वचेतील जुन्या वाहिन्यांची तोंडे जखमेच्या तळातील वाहिन्यांच्या तोंडांना जाऊन मिळतात. आज या घटनाक्रमाच्या तीन पायऱ्या मानतात. पहिले दोन दिवस त्वचा जखमेतून स्रवणारा द्रव शोषून कशीबशी तग धरते, फुगते आणि फिकट दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाहिन्यांची तोंडे जुळू लागतात. आणि त्यानंतर तळातून नव्या केशवाहिन्या शिरून पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत रक्त नीट खेळू लागते. भाताची रोपे आवणीनंतर काही दिवस पिवळी पडून मग एकाएकी हिरवी धरतात, तसेच काहीसे हे आहे. जळिताच्या वॉर्डात पाचव्या दिवशी पट्टी सोडली जाते तेव्हा सर्वांची नजर एकाच गोष्टीवर असते : त्वचा गुलाबी झाली आहे की नाही. बोटाने दाबली असता ती पांढरी पडून पुन्हा गुलाबी झाली, तर रक्त आत पोहोचले. काळपट पडून खालच्या पाण्यावर तरंगत असेल, तर ती गेली. तिच्याखाली साकळलेल्या रक्ताचा पातळसा थरही घात करतो, कारण तेवढ्याने अंतर वाढते. पातळ त्वचा जाड त्वचेपेक्षा सहज धरते यालाही तेच कारण आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या साऱ्या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण लागले. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांची १८९४ मध्ये लिआँ शहरी हत्या झाली. सुऱ्याने त्यांची यकृताकडे जाणारी मोठी नीला फाटली होती आणि ती शिवण्याचे कौशल्य कोणापाशी नव्हते. त्याच गावच्या अलेक्सी कारेल या तरुण वैद्याच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. त्यांनी कशिदाकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई-दोऱ्याचे धडे घेतले आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या टोकास टोक जोडून शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांत मूत्रपिंडाचे यशस्वी प्रतिरोपण केले, ते याच शिवणीच्या बळावर. ज्या अवयवाला स्वतःची रोहिणी व नीला आहे, त्याच्या केशवाहिन्यांचे जाळे तयारच असते. दोन-तीन टाके घातले की रक्त वाहू लागते. त्यामुळे नव्या वाहिन्या वाढविण्याचा प्रश्न जणू निकालात निघाला असे वाटले, आणि त्याकडे पुष्कळ वर्षे दुर्लक्ष झाले.

तो निकालात निघाला नव्हता, हे फुप्फुसाने दाखवून दिले. श्वासनलिकेच्या शाखेला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या इतक्या बारीक असतात, की प्रतिरोपणात त्या सहसा जोडल्याच जात नाहीत. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये मिसिसिपीत पहिले फुप्फुस बसविले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे एकामागून एक रुग्ण दगावत गेले, आणि त्यांपैकी कितीतरींचा घात नलिकेचा सांधा उसवल्याने झाला. टोरांटो येथे जोएल कूपर यांच्या पथकाने १९८३ मध्ये पहिले टिकाऊ यश मिळविले, तेव्हा त्यांनी पोटातील वपाजाल, म्हणजे आतड्यांवर पसरलेला तो चरबीचा रक्तसंपन्न पदर, मुळाशी जोडलेला ठेवूनच छातीत वर ओढून घेतला आणि सांध्याभोवती गुंडाळला. प्राण्यांवरील प्रयोगांत त्या पदरातून थोड्याच दिवसांत नव्या वाहिन्या नलिकेत शिरताना आढळल्या होत्या. पुढे दात्याची नलिका अगदी आखूड ठेवावी म्हणजे उपाशी राहणारा भागच उरत नाही, असे ध्यानात आल्यावर ही गुंडाळणी बहुतांशी मागे पडली. अंतर कमी करणे हाही रक्तपुरवठ्याचाच एक उपाय आहे.

हृदयाच्या बाबतीत दोन आडवाटा नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत. माँट्रियलचे आर्थर व्हाइनबर्ग यांनी छातीच्या आतल्या अंगाची एक रोहिणी उपाशी हृदयस्नायूत बोगदा करून नुसती पुरली. पुष्कळांनी शंका घेतली, पण १९६२ मध्ये क्ष-किरणचित्रांनी दाखविले, की तिला शाखा फुटून त्या हृदयाच्या वाहिन्यांना मिळाल्या आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी सापाच्या हृदयाच्या रचनेवरून कल्पना घेऊन, हृदयाच्या पोकळीतील रक्त थेट स्नायूत झिरपावे म्हणून सुईने सूक्ष्म छिद्रे पाडण्याची पद्धत १९६५ मध्ये मांडली. ती छिद्रे बहुधा बुजून जात. तथापि पुढे लेसरने तसेच मार्ग पाडण्याची जी शाखा निघाली, तिचे मूळ या मुंबईच्या कामात आहे, आणि त्याची आठवण आपल्याकडे व्हावी तितकी होत नाही.

वाहिन्यांना बोलावून आणणारा पदार्थ कोणता, हा प्रश्न मात्र प्रतिरोपणाच्या नव्हे, तर कर्करोगाच्या दालनातून पुढे आला. ज्यूडा फोकमन अमेरिकी नौदलाच्या सेवेत असता १९६० च्या सुमारास त्यांनी व फ्रेडरिक बेकर यांनी शरीराबाहेर कृत्रिम प्रवाहावर जिवंत ठेवलेल्या अवटू ग्रंथीत अर्बुदाच्या पेशी सोडल्या. अर्बुदे एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढून थांबली. तीच पुन्हा उंदरांत घालताच भराभर फोफावली. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी त्यांना नव्या वाहिन्या फुटल्या नव्हत्या. अर्बुद स्वतःच काही पदार्थ स्रवून वाहिन्या ओढून घेते, हे अनुमान त्यांनी १९७१ मध्ये जाहीर केले व त्यासाठी बरीच उपेक्षा सोसली. पुढे १९८३ मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेत आणि १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्याकडे ज्या प्रथिनाचा स्वतंत्रपणे माग लागला, ते एकच निघाले. त्याला व्हीईजीएफ असे संक्षिप्त नाव आहे. प्राणवायू कमी पडताच पेशी या प्रथिनाचा हुकूम कसा सोडते, या यंत्रणेच्या उलगड्यासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे हाती आल्यावर पुढची पायरी सोपी वाटणे स्वाभाविक होते : रोपाबरोबर हे प्रथिन द्यावे, वाहिन्या आपोआप येतील. ही अपेक्षा फळली नाही, आणि ती का फळली नाही हे या सबंध विषयाचे मर्म आहे. प्रथिन रक्तात सोडले तर ते क्षणार्धात विरून जाते. हृदयविकारात ते टोचून पाहणाऱ्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साठ दिवसांच्या मुदतीत बनावट औषधापेक्षा अधिक गुण दिसला नाही. उलट, जनुक घालून पेशींना ते अखंड स्रवावयास लावले, तर उंदरांच्या स्नायूंत वाहिन्यांऐवजी रक्ताने भरलेल्या गाठी झाल्या. १९९८ पासूनचे प्रयोग याची साक्ष देतात. पुढे असेही आढळले, की सरासरी मात्रेला फारसा अर्थ नाही. एखाद्या पेशीच्या अगदी लगत ती मर्यादेबाहेर गेली, की तेवढ्याच जागी विकृती उपजते. शिवाय केवळ अंतःस्तराच्या नळ्या म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. तिच्याभोवती आधारपेशींचे वेष्टन बसले नाही, तर ती गळते, फुटते, किंवा काही आठवड्यांत विरून जाते. म्हणूनच २००१ मध्ये एकाच आधारद्रव्यातून आधी व्हीईजीएफ व त्यामागून पीडीजीएफ हे आधारपेशींना बोलावणारे प्रथिन सावकाश सोडले, तेव्हा वाहिन्या अधिक पक्व झाल्या. आधी कोण व मागाहून कोण, हा क्रम चुकला की सारे काम फसते.

या प्रश्नाचे खरे तीव्र रूप मधुमेहाच्या क्षेत्रात दिसते. पाउल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णिलेली अग्निपिंडातील द्वीपके त्या अवयवाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असतात, पण त्याच्या रक्ताचा सुमारे दहावा हिस्सा उचलतात. प्रत्येक द्वीपकात केशवाहिन्यांचे दाट गुंतवळे असते, आणि रक्तातील साखर जोखून तत्काळ इन्शुलीन सोडण्याचे त्यांचे काम त्याशिवाय चालूच शकत नाही. पॉल लेसी यांनी १९६७ मध्ये विकराने अग्निपिंड विरघळवून द्वीपके सुटी करण्याची रीत घालून दिली. पण त्या क्रियेत द्वीपकाला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या वाहिन्या तुटतात. एडमंटन येथे जेम्स शपिरो व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या नीलेत अशी द्वीपके सोडली. सातही जणांची इन्शुलिनची सुई सुटली आणि जगभर आशेची लाट उसळली. मात्र एका रुग्णाला पुरेशी द्वीपके मिळविण्यास बहुधा एकाहून अधिक मृत दात्यांची अग्निपिंडे लागत, आणि पाच वर्षांनी जमाखर्च मांडला गेला तेव्हा सुमारे ऐंशी टक्के रुग्णांत द्वीपकांचे काही ना काही कार्य शिल्लक असले, तरी सुईपासून पूर्ण मोकळे राहिलेले सुमारे दहा टक्केच होते.

या घसरणीला प्रतिकारशक्तीही कारण होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु निम्म्याच्या आसपास द्वीपके पहिल्या काही दिवसांतच नष्ट होतात, हे सर्वमान्य आहे. रक्तात उतरताच त्यांच्याभोवती गुठळ्या जमतात. ज्या रक्तात ती तरंगतात ते नीलेचे, म्हणजे आधीच प्राणवायू खर्च झालेले असते. आणि नव्या वाहिन्या पूर्णपणे फुटण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २००१ मध्ये उंदीरजातीय प्राण्यांत दाखविले, की जागा कोणतीही निवडा, रोपिलेल्या द्वीपकांतील प्राणवायूची पातळी मूळ अग्निपिंडातील पातळीच्या पुष्कळच खाली राहते. त्यातच एडमंटनच्या औषधयोजनेतील सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध नव्या वाहिन्यांची वाढही रोखते, असे २००२ मध्ये सिद्ध झाले. रोप वाचविण्यासाठी दिलेले औषध त्याची रसदही तोडीत होते. एका हेतूने दिलेल्या औषधाचा दुसऱ्या गरजेवर काय अंमल होतो, याची रुजवात आधी व्हावयास हवी होती असे मला तीव्रतेने वाटते.

स्त्रीबीजाच्या क्षेत्रातील पुरावा याहूनही निर्विवाद आहे, कारण तेथे ऊतक स्वतःचेच असते. कर्करोगाच्या उपचारापूर्वी अंडकोशाच्या पृष्ठभागाच्या पट्ट्या काढून गोठवून ठेवावयाच्या व रोग बरा झाल्यावर परत बसवावयाच्या, या उपायाने पहिले मूल बेल्जियममध्ये झाक डोने यांच्या रुग्णेला २००४ मध्ये झाले. साहजिकच सर्वांचे लक्ष गोठविण्याच्या तंत्रावर खिळले होते. पण मेंढ्यांवरील १९९९ च्या प्रयोगात डेव्हिड बेअर्ड व सहकाऱ्यांना आढळले, की गोठविण्याने सुमारे सात टक्केच बीजपुटके मरतात, आणि परत बसविल्यावर रक्त येईपर्यंतच्या उपासमारीत सुमारे पासष्ट टक्के. ज्या कारणाने सात जातात त्यावर सारा उद्योग आणि ज्याने पासष्ट जातात ते दुर्लक्षित, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. त्या पासष्टांतले थोडे वाचले तरी एखाद्या स्त्रीला मातृत्वाची कितीतरी वर्षे अधिक मिळतील.

मग मार्ग कोणता? साध्यात साधा मार्ग गलग्रंथींच्या शस्त्रवैद्यांनी १९७० च्या दशकातच पत्करला. परावटू ग्रंथी काढावी लागली तर तिचे सुमारे एक मिलिमीटरचे बारीक तुकडे करतात आणि मनगट व कोपर यांमधल्या स्नायूत, जेथे रक्ताची मुळीच वाण नाही, छोटे कप्पे करून त्यांत एकेक ठेवतात. काही आठवड्यांनी ते काम करू लागतात, आणि दोन्ही हातांच्या रक्ताची तुलना केली की रोप धरले की नाही ते कळते. तुकडा लहान, बिछाना रक्तसंपन्न आणि तपासणी सोपी. यात काही चमत्कार नाही, म्हणूनच ते टिकले.

दुसरा मार्ग बिछाना आधी तयार करण्याचा. जर्मनीतील कील येथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात जबड्याचे हाड गमावलेल्या रुग्णासाठी टायटॅनियमच्या जाळीचा साचा भरून तो त्याच्याच पाठीच्या रुंद स्नायूत सात आठवडे ठेवला. त्यात वाहिन्या शिरल्या, हाड धरले, आणि मगच तो वाहिन्यांसकट काढून जबड्यात बसविला. शपिरो यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांच्या त्वचेखाली एक साधी नळी महिनाभर ठेवली, शरीराने तिच्याभोवती वाहिन्यांचे वेष्टन घातले, मग नळी ओढून काढून त्या पोकळीत द्वीपके भरली. ज्या त्वचेखाली ती एरवी मरतात तेथे ती जगली.

श्वासनालाच्या बाबतीत मात्र बिछाना आधी तयार करणे आणि तसे न करता थेट रोपणे, या दोन वृत्तींतला फरक माणसांच्या जिवावर आला. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे पिएर डेलारे यांनी दात्याचा श्वासनाल रुग्णाच्या हाताच्या पुढील भागातील रक्तसंपन्न पटलात गुंडाळून महिनोन्‌महिने तेथेच वाढू दिला, आतून रुग्णाच्याच तोंडातील अस्तर लावले, आणि रक्तपुरवठा सिद्ध झाल्यावरच तो वाहिन्यांसह गळ्यात नेला. हा वृत्तान्त जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास पाओलो माक्कियारिनी यांनी स्टॉकहोममध्ये प्लॅस्टिकची नळी मूलपेशींनी माखून थेट छातीत बसविण्याचा सपाटा लावला. रक्त कोठून येणार, याचे उत्तर त्यात नव्हते. मूलपेशी ते आपोआप घडवतील असे गृहीत होते. डेलारे यांनी २०११ मध्येच याविरुद्ध आवाज उठविला. तो ऐकला गेला नाही. तेथील तीनही रुग्ण पुढे मृत्यू पावले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्कियारिनी यांना दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली. पुण्याच्या वीटकऱ्याला जे पंचवीस दिवस थांबणे अवश्य वाटले, ते एकविसाव्या शतकातील नामांकित संस्थेला वाटू नये, याचे दुःख होते.

तिसरा मार्ग रोपाबरोबर वाहिन्याच घेऊन जाण्याचा, आणि आज सर्वांत अधिक आशा त्यातच आहे असे माझे मत आहे. ताकानोरी ताकेबे व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये योकोहामा येथे यकृतपेशी, अंतःस्तराच्या पेशी व संयोजी पेशी एकत्र वाढवून यकृताचे इवलेसे कोंब तयार केले. उंदरात घातल्यावर त्यांतील मानवी वाहिन्या अठ्ठेचाळीस तासांच्या आत उंदराच्या वाहिन्यांना मिळाल्या. थिअर्श यांनी त्वचेत पाहिलेले तेच हे मीलन. वाहिन्यांना नवे कोंब फुटून वाढण्यास लागणारे दिवस तोंडास तोंड जुळण्यास लागत नाहीत. टोरांटो येथे २०२१ मध्ये मानवी चरबीतून काढलेल्या सूक्ष्म वाहिन्यांचे अखंड तुकडे द्वीपकांबरोबर मिसळले, तेव्हा उंदरांच्या त्वचेखाली ती अधिक चांगली धरली. चरबी कोणाच्याही अंगातून सहज मिळते, हा यातील मोठा लाभ.

येथे एक इशारा अवश्य आहे. वाहिन्या जितक्या अधिक तितके बरे, असा नियम नाही. डोळ्याचे स्वच्छमंडल निरोगी स्थितीत वाहिनीविरहित असते. व्हीईजीएफला वाटेतच पकडणारे एक प्रथिन ते स्वतः तयार करते, हे २००६ मध्ये कळले. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये पहिले यशस्वी स्वच्छमंडलरोपण केले, ते इतर परक्या ऊतकांहून सहज टिकले याचे एक कारण तेथे रक्त पोहोचत नाही हेच. उलट ज्या डोळ्यात आधीच वाहिन्या शिरलेल्या असतात तेथे नकाराचा धोका वाढतो. रक्तवाट उघडली की तिच्यावरून प्राणवायू जातो तशा संरक्षक पेशीही जातात. तसेच कर्करोगातून उठलेल्या रुग्णात वाहिन्यावर्धक पदार्थ देणे म्हणजे चुकून उरलेल्या एखाद्या अर्बुदपेशीलाही तीच रसद देणे होय; अंडकोशरोपणात हे भय खरे आहे.

अलीकडील दोन वृत्तांतांनी हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला आहे. चीनमधील त्यांजिन येथे एका रुग्णेच्या स्वतःच्याच पेशींपासून घडविलेली द्वीपके पोटाच्या स्नायूवरील आवरणाखाली ठेवण्यात आली आणि पंचाहत्तराव्या दिवसापासून तिला बाहेरच्या इन्शुलिनची गरज उरली नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि २०२५ मध्ये मूलपेशींपासून तयार केलेली द्वीपके पूर्ण मात्रेत यकृताच्या वाटेने दिलेल्या बारा रुग्णांपैकी दहा जण वर्षअखेर इन्शुलिनमुक्त असल्याचे जाहीर झाले. द्वीपकांचा तुटवडा आता संपू पाहत आहे. पूर्वी निम्मी मेली तर दुसरा दाता शोधावा लागे. आता अधिक पेशी ओतून ती तूट भरून काढण्याचा मोह होईल, आणि तो टाळला पाहिजे, कारण मेलेल्या पेशींचा कचरा दाह वाढवितो व खर्चही रुग्णाच्याच माथी बसतो. माझी मागणी नेमकी आहे. यापुढे अशा प्रत्येक चाचणीच्या वृत्तान्तात किती पेशी घातल्या एवढेच न सांगता, बिछाना किती दिवस आधी तयार केला, रोपात रक्त कोणत्या दिवशी पोहोचले व ते कोणत्या साधनाने पाहिले, आणि त्या दिवसापर्यंत किती पेशी जिवंत उरल्या, या चार गोष्टींची नोंद असावी. आणि दोन टप्प्यांत करावयाच्या शस्त्रक्रियेला, पहिल्या टप्प्यात रुग्णाला काहीच लाभ दिसत नसला तरी, परवानगी देणाऱ्या समित्यांनी व खर्च सोसणाऱ्या विमासंस्थांनी एकच शस्त्रक्रिया म्हणून मंजुरी द्यावी.